एडनचा वृद्धाश्रम : फादर-सिस्टरांनी निघून यायला हवं होतं का?

४ मार्च २०१६, शुक्रवार. येमेनमधल्या एडन शहरात शेख ओथमान भागात मदर तेरेसांच्या सिस्टर्सचा एक वृद्धाश्रम होता. सकाळी साडेआठच्या सुमाराला काही लोक आतल्या म्हाताऱ्यांना भेटायला आलोय असं सांगून गेटमधून आत शिरले आणि सोळा माणसांना मारून गेले. त्यात चार सिस्टर्स होत्या. चॅपलमध्ये असलेले केरळचे, सेलेशियन या कॅथलिक संघाचे फादर टॉम उझुन्नालिल यांना त्यांनी उचलून नेलं, ते थेट ५५७ दिवसांनी सुटले.

आमच्या वसईतल्या अभ्यासगटात उपवासकाळात एक प्रकरण घेऊन त्यावर नीट बोलायचं असं ठरलं तेव्हा मी हेच घेतलं. कारण वसईत असं गाव सापडणं कठीण जिथल्या चार घरांतून तरी कुणी फादर किंवा सिस्टर झालेलं नाही, आणि त्यातले कितीतरी आज अशा ठिकाणी आहेत जिथलं नाव बातम्यांत आलं की घरचे रात्रभर फोन लावत बसतात. म्हणजे आपल्यासाठी हा पुस्तकी प्रश्न नाही. खाली जे लिहिलंय ते त्या चर्चेसाठी काढलेलं टिपण आणि त्यानंतर जे डोक्यात पक्कं झालं ते, दोन्ही मिळून आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

एडन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं आणि नंतर नव्वदेक वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा, आगबोटींवर गेलेल्या कोकणातल्या खलाशांच्या बोलण्यात एडन हे बंदर असायचंच. मदर तेरेसांच्या सिस्टर्स येमेनमध्ये १९७३ पासून आहेत. तिथे स्थानिक ख्रिस्ती जवळजवळ नाहीत, जे होते ते कामासाठी आलेले भारतीय, फिलिपिनो, इथिओपियन वगैरे. सिस्टर्स ज्यांची सेवा करत होत्या ते बहुतेक सगळे मुसलमान, म्हातारे, अपंग, घरच्यांनी सोडलेले.

धोका नवा नव्हता हे नीट लक्षात घ्यायला पाहिजे. जुलै १९९८ मध्ये येमेनच्याच होदेदा शहरात याच संघाच्या तीन सिस्टर्सना गोळ्या घातल्या होत्या, त्यातल्या दोघी भारतीय. तरी संघ तिथून हलला नाही. मग सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी बंडखोरांनी राजधानी साना घेतली, २६ मार्च २०१५ पासून सौदीच्या आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले आणि एडनमध्ये रस्त्यारस्त्यावर लढाई. भारत सरकारने ऑपरेशन राहत काढलं, नौदलाची जहाजं आणि विमानं पाठवून ४,६०० च्या वर भारतीयांना आणि ९०० पेक्षा जास्त परदेशी लोकांना बाहेर काढलं. आयएनएस सुमित्रा एडनच्या बंदरात जाऊन लोकांना घेऊन आली. परत आलेल्यांची काही विमानं मुंबईलाच उतरली, तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय ते.

सिस्टर्स त्या जहाजात बसल्या नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एडनच्या क्रेटर भागातलं चर्च जाळलं गेलं. त्यानंतर फादर टॉम सिस्टर्सच्या आवारातच राहायला लागले. म्हणजे मार्च २०१६ मध्ये चित्र असं होतं की पॅरिश (चर्चची भाविक मंडळी) म्हणून जी काही होती तिच्यातली बहुतेक माणसं देश सोडून गेलेली, चर्चची इमारत जळलेली, भारताचा दूतावास आधीच जिबूतीला हलवलेला, आणि एका आवारात पाच सिस्टर्स, एक फादर, काही कामगार आणि साठ-ऐंशी म्हातारी माणसं.

त्या दिवशी काय झालं

मिस्सा (चर्चमधली रोजची उपासना) झाली होती, नाश्ता झाला होता, सिस्टर्स कामाला लागल्या होत्या. इथिओपियाचे काही तरुण तिथे मदतीला होते, हल्लेखोर आले हे कळल्यावर ते सिस्टर्सना सांगायला धावले आणि वाटेतच मारले गेले. चार सिस्टर्स गेल्या, त्या म्हणजे झारखंडच्या सिस्टर अँसेल्म, रुआंडाच्या सिस्टर मार्गरीट आणि सिस्टर रेजिनेट, केनियाच्या सिस्टर ज्युडिथ. प्रमुख सिस्टर सॅली, त्याही केरळच्या, शीतगृहाच्या दाराआड उभ्या राहिल्या म्हणून वाचल्या. हल्लेखोर तिथे येऊन गेले पण त्यांना त्या दिसल्या नाहीत. म्हाताऱ्यांपैकी एकालाही हात लावला नाही. नंतर पोलीस आले तेव्हा सिस्टर सॅली जायला तयार नव्हत्या, आतली माणसं रडत होती की आम्हाला सोडून जाऊ नका, शेवटी पोलिसांनी त्यांना जवळजवळ ओढून नेलं.

हल्ल्याची जबाबदारी कुणी घेतली नाही, तिथल्या अल कायदाने तर आम्ही नाही असं जाहीर सांगितलं. ६ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी या सिस्टर्सना आजच्या काळातले हुतात्मे म्हटलं. मग त्याच महिन्यात फादर टॉम यांना गुड फ्रायडेला क्रुसावर चढवलं अशी अफवा जगभर फिरली, व्हिएन्नाच्या कार्डिनलांनी सुद्धा ईस्टरच्या मिस्सात ते सांगितलं आणि नंतर मागे घेतलं. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर ते फोटोसकट फिरत होतं, आणि त्या घरच्यांचं काय होत असेल याचा विचार फॉरवर्ड करणाऱ्या कुणी केला नाही, हे मला अजूनही फार लागतं.

ओमानच्या मध्यस्थीने फादर १२ सप्टेंबर २०१७ ला सुटले, मस्कतहून रोमला गेले आणि महिनाअखेरीस भारतात आले. डायबेटीस होता, वजन खूप उतरलं होतं. मला मारहाण केली नाही, गोळ्या-औषधं दिली असं त्यांनी स्वतः सांगितलं, आणि भाकर-द्राक्षारस काहीच नव्हतं तरी पाठ असलेल्या प्रार्थना म्हणत मनातल्या मनात मिस्सा करायचो हेही.

आता मुद्दा

शुभवर्तमानात दोन्ही बाजूंची वचनं आहेत. योहानाच्या दहाव्या अध्यायात मोलकरी लांडगा येताना बघून मेंढरं टाकून पळतो आणि चांगला मेंढपाळ पळत नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. संत पौल जीव वाचवायला दमास्कसहून पाटीत बसून भिंतीवरून खाली उतरला होता, त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. त्यामुळे नुसतं एक वचन फेकून ही चर्चा संपत नाही, आणि आमच्या ग्रुपमध्ये पहिला अर्धा तास नेमकं तेच चाललं होतं.

यावर सगळ्यात नीट विचार केलेला माणूस म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप संत ऑगस्टीन. साधारण ४२८-४२९ च्या सुमाराला व्हँडल टोळ्या उत्तर आफ्रिकेवर चालून येत होत्या तेव्हा होनोरातुस नावाच्या बिशपने त्यांना हाच प्रश्न विचारला, थांबायचं की निघायचं. ऑगस्टीनचं उत्तर पत्ररूपाने आज उपलब्ध आहे. ते सरळ हो किंवा नाही म्हणत नाहीत, ते आधी विचारतात की धोका नेमका कुणाला आहे. फक्त धर्मगुरूलाच शोधताहेत आणि लोकांची सेवा करायला मागे दुसरे आहेत, तर पौलासारखं निघावं. सगळे लोकच निघून गेले, तर मागे रिकाम्या चर्चमध्ये बसून राहण्यात अर्थ नाही. पण धोका सगळ्यांनाच आहे आणि लोकांना निघता येत नाही, तर धर्मगुरूने जाऊ नये. आणि सगळेच थांबायला तयार असतील पण सगळेच मेले तर पुढे कुणीच उरणार नाही अशी वेळ असेल, तर कोण थांबणार आणि कोण जाणार यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात. ऑगस्टीन स्वतः हिप्पोमध्येच थांबले आणि शहराला वेढा पडलेला असताना २८ ऑगस्ट ४३० ला वारले.

आता हे माप एडनला लावून बघा, लगेच अडचण येते. हल्ला म्हाताऱ्यांवर नव्हता, सिस्टर्सवर आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांवर होता. त्या हिशोबाने सिस्टर्सनी पाटीत बसून उतरायला हवं होतं. पण मागे सेवा करायला दुसरं कोण होतं? कुणीच नाही. ज्या माणसाला स्वतः कूस बदलता येत नाही, ज्याचं लंगोट दिवसातून चार वेळा बदलावं लागतं, त्याला गोळी नाही घातली तरी माणूस नसलं की तो चार दिवसांत मरतो. म्हणजे धोका दोघांना होता, फक्त एकाला बंदुकीने आणि दुसऱ्याला उपेक्षेने. म्हणून सिस्टर्सच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, त्यांनी थांबायलाच हवं होतं आणि त्या थांबल्या ते योग्य होतं. त्यात मला धाडस वगैरे बघावंसं वाटत नाही, आपण आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला पूर आला म्हणून घरात सोडून माडीवर जात नाही, तसंच ते.

फादर टॉम यांच्याबद्दल मात्र ग्रुपमध्ये खरा वाद झाला. सत्तरीच्या एका काकांनी सरळ विचारलं, "लोकसमुदायच नव्हता तर फादर कुणासाठी थांबले? म्हातारे तर मुसलमान, त्यांना काही मिस्सा नको होती. सरकारने जहाज पाठवलं होतं, का नाही बसले? मग सगळ्या देशाने धावाधाव करायची." हा प्रश्न कडू आहे पण चुकीचा नाही. सरकारनेही तेव्हा म्हटलंच होतं की येमेन सोडा असं सांगूनही हे लोक राहिले. मला स्वतःला वाटतं की त्या पाच सिस्टर्स हाच त्यांचा लोकसमुदाय होता. आपल्या पॅरिशमध्ये पाच-सहा हजार माणसं असतात म्हणून पाच हा आकडा लहान वाटतो. पण ज्या बायांचा दिवस मिस्साने सुरू होतो आणि त्यावरच पुढचे सोळा तास ज्या ओढतात, त्यांना सांगायचं की तुम्ही थांबा, आम्ही निघतो, हे मला कुठल्याही धर्मगुरूच्या तोंडी शोभेल असं वाटत नाही.

पण काकांच्या प्रश्नातला अर्धा भाग उरतोच. त्या धावाधावीचं काय. परराष्ट्र खातं, पोप, ओमानचं सरकार, अबुधाबीला बसणारे बिशप पॉल हिंडर, एवढी सगळी यंत्रणा एका माणसासाठी दीड वर्ष हलत होती. माझं म्हणणं असं की नागरिकाला सोडवणं हे सरकारचं कामच आहे, ते उपकार नाहीत, पण जो थांबतो त्याने आणि त्याच्या वरिष्ठांनी हे आधीच ठरवून ठेवायला हवं की उद्या उचलून नेलं तर काय, खंडणी द्यायची नाही हे लिहून ठेवायचं का, घरच्यांना कोण सांगणार, त्यांच्याशी रोज कोण बोलणार. खंडणी दिली की पुढच्या फादरची किंमत ठरते. हे बोलायला फार जड जातं पण कुणीतरी बोललं पाहिजे.

ज्या बारा जणांबद्दल कुणी बोलत नाही

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काय अडतं ते आता सांगते. सोळापैकी चार सिस्टर्स. उरलेले बारा कोण? वॉचमन, ड्रायव्हर, स्वयंपाकघरातली माणसं, मदतीला आलेली इथिओपियन पोरं. काही मुसलमान, काही ख्रिस्ती. त्यांनी कसलंही व्रत घेतलं नव्हतं. त्यांना महिन्याला पगार मिळत होता आणि युद्धात बुडालेल्या शहरात पगार देणारी जागा सोडून जाणं हे कुणाच्या हातात असतं? सिस्टर्स थांबल्या म्हणजे आश्रम चालू राहिला, आश्रम चालू राहिला म्हणजे गेटवर वॉचमन लागणारच, आणि मग बंदूक घेऊन माणूस येतो तेव्हा पहिला त्याच्यासमोर तोच उभा असतो. आपण प्रार्थनेत चार नावं घेतो, ती घ्यायलाच हवीत, पण बारा जणांची नावं आपल्यापैकी कुणालाही सांगता येत नाहीत.

आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांचंच बघा. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर गेले, आपण दरवर्षी सण करतो. त्या दिवशी एकूण सव्वीस जण मारले गेले होते, त्यात सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, आणि उरलेले सतरा साधे जपानी ख्रिस्ती, त्यात शाळकरी वयाची पोरंसुद्धा. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम १५८७ लाच निघाला होता. म्हणजे थांबायचा निर्णय एकाने घेतला तरी त्याची किंमत आजूबाजूचे दहा जण भरतात, हे चारशे वर्षांपूर्वीही तसंच होतं. मी संतांना दोष देत नाहीये. थांबण्याचा विचार करताना हे सतरा आणि हे बारा हिशोबात धरा एवढंच म्हणणं आहे.

म्हणून माझ्या मते धोक्याच्या जागी थांबायचं ठरवलं की त्याच दिवशी कामगारांना बोलवून बसवायला पाहिजे आणि स्पष्ट सांगायला पाहिजे की आम्ही थांबतोय ते आमच्या शपथेमुळे, तुमच्यावर ते बंधन नाही, जायचं असेल तर जा आणि पुढचे सहा महिने पगार घरपोच मिळेल. पगार देऊन जायची मोकळीक दिली तरच तो पर्याय खरा, नाहीतर विचारलं हे नावापुरतं.

थांबण्याच्या बाजूने आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगायची राहिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले आणि त्यांच्याबरोबर युरोपियन पाद्रीही गेले. मोठमोठे मठ ओस पडले, आज किल्ल्यात फिरताना दिसतात त्या भिंती त्यांच्याच. पण शेतं-वाड्या असलेला आपला माणूस कुठे जाणार होता, तो इथेच राहिला, आणि त्याच्याबरोबर राहिले ते देशी धर्मगुरू. ना त्यांच्यामागे सत्ता होती ना पैसा. बाप्तिस्मे, लग्नं, मयत सगळं त्यांनी चालू ठेवलं. आज वसईत मराठीत मिस्सा ऐकायला चर्चच्या बाहेरपर्यंत माणसं उभी असतात ती त्यांच्यामुळे. त्यांच्या नावाने कुठे पुतळा नाही. धर्मगुरू थांबला की काय टिकतं याचा पुरावा म्हणून मला दुसरीकडे जावं लागत नाही.

काकूंचा प्रश्न

चर्चा संपत आली तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या एका काकूंनी मोबाईल पुढे केला. त्यांची मुलगी सिस्टर आहे, आफ्रिकेतल्या एका देशात, जिथे सध्या लढाई चालू आहे. मेसेज होता, "आई इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस," आणि खाली एक फोटो, ताटं घेऊन ओळीत बसलेली पोरं. काकूंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, पोरांच्या डोक्यावरून मागची भिंत दाखवली. भिंतीवर एका रेषेत सहा-सात भोकं होती, आजूबाजूचा गिलावा पडलेला. "ही भोकं कसली गं? पावसाने पडतात का अशी?" कुणीच काही बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "मी वरच्या मदरला पत्र लिहिणार आहे, तिला परत पाठवा म्हणून. लिहू की नको?"

तेवढा वेळ तावातावाने बोलणारे काका सुद्धा गप्प झाले. आणि मला वाटतं इथेच या प्रकरणाचा उपयोग झाला, कारण आम्ही मग तिला परत बोलवावं का यावर वाद घातला नाही, पत्रात काय विचारायचं यावर बसलो. तिथे किती माणसं अशी आहेत ज्यांना हलवता येत नाही. ती पोरं दुसरीकडे नेता येतील का, आणि नेता येत असतील तर अजून का नेली नाहीत. सगळ्या सिस्टर्स थांबल्या आहेत की आळीपाळीने बाहेर पाठवतात, कारण थकलेला माणूस धोका ओळखत नाही. थांबायचं हे माझ्या मुलीने स्वतः ठरवलंय की आज्ञापालन म्हणून ती गप्प आहे, आणि उद्या ती नको म्हणाली तर तिला तोंड लपवावं न लागता येता येईल का. स्वयंपाकाला, गेटवर कोण आहे, त्यांना काय सांगितलंय. काही झालं तर मला फोन कोण करेल, त्याचं नाव आणि नंबर.

तो शेवटचा प्रश्न काकूंनी स्वतः घालायला लावला.

ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर खाली करा असे हुकूम निघाले तेव्हा जेरुसलेमच्या लॅटिन (म्हणजे कॅथलिक) आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स दोन्ही महागुरूंनी मिळून जाहीर केलं होतं की गाझातल्या चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्यांत कुपोषणाने खंगलेली आणि आजारी माणसं आहेत, त्यांना दक्षिणेला हलवणं म्हणजे मरायला पाठवणं, म्हणून फादर-सिस्टर्स थांबून त्यांची सेवा करतील, मात्र राहायचं की जायचं हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवावं. तिथेही मदर तेरेसांच्या सिस्टर्स आहेत, अपंगांना सांभाळतात. मला ते निवेदन आवडलं कारण त्यात शौर्याची भाषा कमी आणि कुणाला उचलून नेता येत नाही याचा हिशोब जास्त होता. काकूंना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं की हे मराठीत लिहून देशील का, मुलीच्या बाबांना वाचायचंय. ते दिलं, आणि पत्र पुढच्या आठवड्यात पोस्टाने गेलं, ईमेल नको म्हणाल्या, सहीचं पत्र टाळता येत नाही म्हणून.